विन, प्लेस आणि अप्पा

नाही नाही, तुम्ही मला आधी एवढंच सांगा, घोडा तिसरा आला तर त्याचे पैसे का म्हणून द्यायचे? हरला ना तो? दोघं त्याच्या पुढे गेले ना? अहो, मी शाळेत एकदा चित्रकलेत तिसरा आलो होतो, उड्या मारत घरी गेलो, तर वडील म्हणाले, "स्पर्धेत होते किती जण?" म्हटलं, "चार." बस्स, संपला विषय! कोणी पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही. आणि इथं? इथं घोडा तिसरा येतो, तोंडाला फेस, मान खाली, स्वतः घोड्यालासुद्धा कळलंय की आपलं काही खरं नाही... आणि लोक नाचतायत! टोप्या उडवतायत! खिडकीवर रांग लावून पैसे घेतायत! कोण देतं हो हरलेल्याचे पैसे? आणि का देतं? मी तेव्हाच म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय!

आता हे मी उगाच म्हणत नाही हं. माझा धंदाच तो. गच्च्या, न्हाणीघरं, टाक्या... जिथं गळतं तिथं मला बोलावतात. घरमालक छातीठोकपणे सांगतो, "हे बघा, इथं ओल आलीय," मी तिकडे बघतसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो, ओल दिसते एकीकडे, पाणी शिरतं भलतीकडून! इतकी वर्षं लोकांच्या भिंतींवर टकटक करून माझा स्वभावच तसा झालाय. कोणी हसून "कसं काय, बरंय ना?" म्हटलं की मी आधी खिशावर हात ठेवतो.

तर असा मी, आणि माझ्या घरात आमचे सासरे. अप्पा. अप्पा म्हणजे शिंपी, साधे नाहीत, कोटाचे शिंपी. जन्मभर लोकांच्या खांद्यांची मापं घेतली. सासूबाई गेल्या, मग गुडघे कुरकुरायला लागले, मग अप्पांनी दुकान विकून टाकलं आणि आमच्याकडे राहायला आले. गरीब माणूस. दिवसभर खिडकीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या लोकांचे कोट बघून हळहळायचे, "बाही चुकलीय... याचीही बाही चुकलीय..." दुसरा आवाज नाही. शनिवारी तेवढे पाय मोकळे करून यायचे.

आणि अचानक एका शनिवारी बघतो तर काय... अप्पा इस्त्री करतायत! स्वतःचा ठेवणीतला कोट! दाढी झालेली. दोनदा झालेली! केसांना तेल. आणि गुणगुणतायत! अहो, ज्या माणसानं गेली कित्येक वर्षं जेवायला बसताना "हं" आणि उठताना "हं" याखेरीज शब्द काढला नाही, तो माणूस गुणगुणतोय! मी बायकोला बाजूला घेतलं, म्हटलं, "अगं, तुझे वडील गातायत." ती म्हणाली, "मग? गाऊ देत की." म्हटलं, "कुठंतरी पाणी मुरतंय!" ती म्हणाली, "तुम्हाला चहा हवाय का?"

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच, वर खिशात रुमाल! शेवटी मी जेवताना सरळ विचारलं, "अप्पा, तुम्ही शनिवारी जाता कुठं?" अप्पांनी घास गिळला, पाणी प्यायले, आणि एखाद्यानं "भाजी आणायला जातो" म्हणावं तसं म्हणाले, "रेसला."

रेसला! घोड्यांच्या!

माझ्या हातातला चमचा पडला. म्हटलं, आता ही रडणार, ओरडणार, "अप्पा, दुकानाचे पैसे!" म्हणणार. तर ही? भात वाढतेय. मग मला आत बोलावून म्हणाली, "अहो, मला काळजी वाटते. तुम्ही एकदा अप्पांबरोबर जा ना. त्यांना काय हवे ते प्रश्न विचारा. अगदी तुमच्या पद्धतीनं विचारा." मला इतकं बरं वाटलं सांगू! लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या पद्धतीला या घरात कोणी पहिल्यांदा मान दिला!

तर गेलो. अप्पा पुढे, कोटात. मी मागे, संशयात.

आत शिरलो तर आधी एक गोल. त्या गोलात घोडे फिरवतात, लोकांनी बघावेत म्हणून. मी बघितले. आता मला घोड्यातलं काय कळतं? मला सगळे सारखेच दिसले, चार पाय आणि नाराजी. अप्पा मात्र एका तांबड्याकडे बघून म्हणाले, "छातीत ढिला आहे. मागून ओढतोय. हा नाही येणार." तो आला. पहिला आला! दुसऱ्या एकाला म्हणाले, "काय फिटिंग आहे बघा!" तो अजून येतोय. म्हटलं, "अप्पा, तुम्हाला यातलं कळतं ना नक्की?" म्हणाले, "कोटातलं कळतं."

मग मला कठड्याला टेकवून शिकवायला लागले. "हे बघा, जावईबापू, पहिलं म्हणजे विन. तुम्ही घोडा निवडायचा, तो पहिला आला पाहिजे. दुसरा आला, केसाएवढ्या अंतरानं दुसरा आला, तरी तिकीट फाडून टाकायचं." म्हटलं, हे ठीक आहे, हे प्रामाणिक वाटतं. "दुसरं म्हणजे प्लेस. घोडा पहिल्या तिघांत आला की पुरे. पैसे कमी, पण जीव कमी टांगणीला." म्हटलं, "नेहमी तिघांत?" म्हणाले, "तसं नाही, घोडे कमी असले तर पहिल्या दोघांतच." बघा! बघा! म्हणजे घोड्यांची डोकी मोजून नियम बदलतात! म्हटलं, "हे कोण ठरवतं?" म्हणाले, "छापलेलं असतं." म्हटलं, "छापतं कोण?" अप्पांनी मला दंडाला धरून पुढे नेलं.

मग ते पाटीवाले, म्हणजे बुकी. उंच स्टुलावर उभे, मागे पाटी, पाटीवर प्रत्येक घोड्याचा भाव. पाचाचा भाव म्हणजे एक लावलात तर वर पाच मिळणार. आणि ज्या घोड्यावर सगळ्या गावाचा विश्वास, तो जिंकला तर? एकाला धड एकसुद्धा नाही! आणि ज्या घोड्याकडे बघून त्याचा मालकसुद्धा मान फिरवतो, त्याला तीसचा भाव! म्हटलं, "अप्पा, विश्वासाला किंमत नाही?" पाटीवाल्यानं ऐकलं. वरून म्हणाला, "साहेब, विश्वास सगळ्यांकडे असतो, म्हणून स्वस्त!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. डोळा! का मारला? मी त्याचा कोण? माझा खिशावरचा हात आणखी घट्ट झाला.

म्हटलं, यापेक्षा तिकिटांची खिडकी बरी, सरकारी वाटते. तर खिडकीचं वेगळंच! तिथं सगळ्यांचे पैसे एका भांड्यात पडतात, त्यातून आधी ते आपला हिस्सा काढून घेतात, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे किती मिळणार ते कधी कळणार? रेस झाल्यावर! अहो, हे तर आमच्या गिऱ्हाइकांसारखं झालं, "तुम्ही गच्ची करून टाका हो, पैशांचं मग बघू!" मी खिडकीतल्या माणसाला विचारलं, "तुम्ही स्वतः कुठला घोडा लावला असता?" तो म्हणाला, "आम्हाला कामावर असताना लावायची परवानगी नाही." म्हटलं, "म्हणजे तुम्हीच विकता आणि तुम्हीच घेत नाही?" तो म्हणाला, "विन का प्लेस?" म्हटलं, "थांबा, घोडा निघालाच नाही तर?" "पैसे परत. विन का प्लेस?" म्हटलं, "आणि जॉकी मध्येच पडला तर?" "पैसे गेले. विन का प्लेस?" "आणि समजा जॉकी पडला पण घोडा एकटाच पहिला आला?" मागून आवाज आला, "अहो काका, आवरा! तोवर घोडे पेन्शनीत जातील!" मी वळून बघितलं... एवढी घाई का? यांना कसली घाई? तुम्हाला सांगतो, जिथं माणसं घाई करतात ना, तिथं हमखास पाणी मुरतंय!

तिकीट न घेताच परत आलो. आणि येऊन बघतो तर काय...

अप्पांच्या शेजारी बाई!

बाकावर. निळी साडी, गळ्यात ही एवढी दुर्बीण. आणि बाकावर अप्पांच्या जागेवर पर्स ठेवलेली, जागा धरायला! अप्पा बसायला वळले तशी पर्स उचलली. सवयीनं उचलली! मी कठड्याशी, आणि बाई माझ्याकडे बघून म्हणतात, "हेच का?"

हेच का! म्हणजे यांच्यात माझा विषय निघालेला आहे! मी यांना ओळखत नाही आणि या मला ओळखतात! अप्पा म्हणाले, "हेच." आणि दोघं हसले. मग अप्पांनी ओळख करून दिली, बाईंचं चष्म्याचं दुकान होतं म्हणे, आता भाच्याकडे दिलंय, स्वतः अधूनमधून बसतात. एकट्याच असतात. मी हो हो म्हणतोय आणि माझं लक्ष कुठं? तर अप्पांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं... आणि बाईंच्या हातात ठेवलं. आख्खं पाकीट! उघडून नाही, मोजून नाही, आख्खं! आणि त्यांनी त्यातली एकच नोट अप्पांना दिली, पाकीट पर्समध्ये टाकून पर्स बंद केली. टक्!

माझ्या डोक्यात तो टक् वाजला बघा. म्हटलं, सापडली! गळती सापडली!

अप्पा घोडे बघायला गेले तसा मी बाईंच्या शेजारी बसलो. गोड आवाज काढला. म्हटलं, "आपण बरेच दिवस येता वाटतं?" "हो." "आणि पाकीट... आपल्याकडे?" बाईंनी दुर्बीण खाली घेतली. डोळे असे, की समोरच्याचा नंबर बघताक्षणी कळावा. म्हणाल्या, "तुम्हाला जॅकपॉट माहीत आहे?" म्हटलं, "नाही." म्हणाल्या, "ओळीनं पाच रेस. पाचही रेसचे पहिले घोडे आधीच ओळखायचे. एक चुकला की सगळं गेलं. पहिल्यांदा भेटले तेव्हा तुमचे सासरे दर शनिवारी जॅकपॉट लावायचे. प्रत्येक वेळी पहिल्याच रेसला संपायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत या बाकावर नुसते बसून राहायचे. मी विचारलं, अहो, हरलात तर घरी का जात नाही? तर म्हणाले, लवकर गेलो तर लेक विचारेल, काय झालं." बाईंनी पर्सवर थोपटलं. मग म्हणाल्या, "तेव्हापासून पाकीट माझ्याकडे. रेसला एकच तिकीट, तेही प्लेसचं, तेही लहानातलं. आता मला विचारा, पुढचं काय विचारायचंय ते."

आता काय विचारणार? मी म्हटलं, "दुर्बीण किती लांबचं दाखवते?"

पण मन मानेना हो! म्हटलं, इतकी चांगली? फुकट? कोणी कोणाचं पाकीट असं सांभाळतं? आपण आपल्या सख्ख्या भावाचं सांभाळत नाही! इतकं कोरडं, इतकं स्वच्छ... अहो, नवीन रंग दिलेली भिंत बघितली की मी आधी विचारतो, रंग का दिला? याखाली कुठंतरी...

तेवढ्यात अप्पा परत आले. हातात तिकीट. चेहरा घामेजलेला. बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. अशी, हळूच, "आता सांगा" अशी. मी ती मान बघितली! म्हटलं, आला, डाव आला. पैसे मागणार. घर मागणार!

अप्पा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "जावईबापू, एक प्रकार सांगायचा राहिला." म्हटलं, "सांगा." "फोरकास्ट म्हणजे पहिला आणि दुसरा, दोन्ही ओळखायचे, आणि त्याच क्रमानं आले पाहिजेत. हा पुढे, तो मागे. उलटं झालं तर गेलं." म्हटलं, "बरं." "आणि क्विनेला म्हणजे... तेच दोन घोडे, पण पुढे कोण, मागे कोण, याला महत्त्व नाही. दोघं फक्त बरोबर आले पाहिजेत." म्हटलं, "बरं. मग?" म्हणाले, "मी आज क्विनेला घेतलंय. एक घोडा माझा, एक यांचा."

म्हटलं, "बरं, मग?"

म्हणाले, "मग काय?"

म्हटलं, "मग यात घाम कशाचा येतोय तुम्हाला? एवढ्या साध्या तिकिटाला? अप्पा, माझ्याकडे बघा. हे तिकीट कोणी घ्यायला लावलं? पाकीट त्यांच्याकडे, घोडा त्यांचा, मान त्यांनी हलवली, मी बघितली... काय चाललंय काय हे? त्या तुम्हाला काय करायला लावतायत?"

आणि तेवढ्यात रेस सुटली! तुम्हाला काय सांगू, असा गलका! माझ्या आजूबाजूला सगळे उभे, "चल! चल! अरे हल की!" जमीन हलतेय, खुरांचा आवाज जवळ येतोय, आणि मी अप्पांच्या कानात ओरडतोय, "काय करायला लावतायत?" अप्पा ओरडतायत, "काही नाही!" मी ओरडतोय, "मग लपवताय काय?" "घरी सांगतो!" "घरी नाही, इथं!" "जावईबापू, रेस बघा!" "मला पाणी कुठं मुरतंय ते बघायचंय!" घोडे समोरून गेले, दोन, तीन एका रेषेत, कोण पुढे कोणाला कळलं नाही, आणि सगळं मैदान, मी सांगतो सगळं मैदान, एकदम गप्प! टाचणी पडली तर ऐकू येईल असं गप्प! निकाल फोटोवर गेला होता, रेषेवर कोणाचं नाक पुढे ते फोटो बघून ठरणार! आणि बरोब्बर त्या क्षणाला आमचे अप्पा, जन्मभर "हं" म्हणणारे आमचे अप्पा, छाती फोडून ओरडले,

"आम्हाला लग्न करायचंय!!"

...

काय सांगू. पाटीवाला स्टुलावरून वाकून बघतोय. खिडकीतला माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून बघतोय. बाई दुर्बीण डोळ्याला लावून भलतीकडेच, आभाळात बघतायत, पण कान लाल! आणि मागून कोणीतरी म्हणालं, "अहो आजोबा, आधी फोटोचा निकाल तर लागू द्या!" मग जे हसू फुटलं... आणि टाळ्या! अनोळखी माणसं येऊन अप्पांचा हात हलवतायत! माझाही हलवला एकानं. मी लगेच घड्याळ तपासलं. होतं.

फोटोचा निकाल लागला. अप्पांचा घोडा पहिला. बाईंचा तिसरा. दोघांच्या मध्ये एक भलताच काळा घोडा घुसलेला. अप्पांनी बोर्डाकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जणू काही तो काळा मीच!

येताना बसमध्ये अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुकान होतं तेव्हा दिवसातून दहा जण विचारायचे, कधी देणार? कधी होणार? मला राग यायचा. दुकान गेल्यावर कोणी काही विचारीनासं झालं. तुम्ही दोघं चांगले आहात हो, पण तुमचं आपसात असतं. बाकावर ती मला विचारते, शनिवारी येणार ना?" आणि मग हळूच, "लेकीला तुम्ही सांगाल का? तिच्या आईच्या फोटोसमोर बसून मला तिला हे सांगवणार नाही."

आता बोला! मी! सांगायचं मी! पूर्ण रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवली. "हे बघ, धक्का बसेल, आधी बसून घे." घरी आलो, अप्पा सरळ आपल्या खोलीत पळाले, ही स्वयंपाकघरात. मी घसा साफ केला. म्हटलं, "हे बघ, आधी बसून घे..."

ही पाठमोरीच म्हणाली, "सांगितलं का त्यांनी शेवटी?"

काय?

म्हणाली, "लग्नाचं." म्हटलं, "तुला... तुला माहीत होतं?" म्हणाली, "अहो, अप्पांनी चार महिन्यांत तीन चष्मे केले. त्यांच्या डोळ्यांना काय झालंय? मी तेव्हाच त्या दुकानात जाऊन बाईंना बघून आले. चहा पाजला त्यांनी मला. आवडल्या." आणि वळली, तर डोळ्यात पाणी, आणि हसतेय. म्हणाली, "मी वाट बघत होते त्यांनी आपणहून सांगायची. त्यांना मला सांगायची लाज, मला विचारायचा संकोच. महिनोन् महिने नुसतं एकमेकांसमोर जेवत होतो आम्ही."

म्हटलं, "मग मला कशाला पाठवलंस? काळजी वाटते म्हणालीस, प्रश्न विचारा म्हणालीस..."

"हो ना," म्हणाली. "तुम्ही प्रश्न विचारायला लागलात ना, की माणूस इतका वैतागतो, इतका वैतागतो, की शेवटी खरं बोलून मोकळा होतो."

आता मला सांगा, मी भिंतीवर संशय घेतो, पाटीवाल्यावर घेतला, खिडकीवर घेतला, बाईंवर घेतला, तिसऱ्या आलेल्या मुक्या जनावरावर घेतला... आणि जिनं मला "चहा हवाय का" विचारत विचारत रेसच्या मैदानात उतरवलं, तिच्यावर एकदाही नाही! एकदाही!

तर आज नोंदणी आहे. हे काय, आतच आहेत सगळे, त्या दाराच्या पलीकडे. अप्पांचा कोट बघितलात? स्वतः शिवलाय. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सही करायच्या आधी मी सहज, अगदी सहज हं, साहेबांना एवढंच विचारलं, "हे दोघं खरंच आपल्या मर्जीनं लग्न करतायत, याची खात्री तुम्ही कशी करून घेता?" तर अप्पा, बाई, आमची ही आणि तो साहेब, चौघं एका सुरात म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बसलोय. तुम्ही विचारलंत, "आत काय चाललंय?" म्हणून एवढं बोललो... पण काय हो, तुम्ही का विचारलंत?